दोष न दिसणे आणि दोष नसणे

'पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल' ही म्हण ज्याने प्रथम योजिली, त्याने गुरांच्या बाजाराचा पुरता अनुभव घेतलेला असला पाहिजे. म्हशीची पाठ आणि शिंगे तेवढी पाण्यावर. तिची कास, तिचे खूर, तिची चाल ही सर्व पाण्याखाली. आणि काठावर उभे राहून गिऱ्हाइकाने रुपये मोजावयाचे! हल्ली हीच म्हैस निराळ्या वेषाने सुशिक्षित मध्यम वर्गाच्या दारी येऊन उभी राहिली आहे. पाच-दहा वर्षे दुसऱ्याने वापरलेली, उंची बनावटीची, चकचकीत मोटार हा तिचा आजचा अवतार होय. ती घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता पैशांचा व यंत्रांचा दिसतो. परंतु थोडा विचार करता त्यात दोन जुने प्रश्न दडलेले आढळतात. दुसऱ्याच्या ताब्यात राहिलेल्या वस्तूविषयी आपणांस खात्रीने काय कळू शकते, हा पहिला. आणि ज्यास ते कळलेले आहे, त्याने दुसऱ्यास किती सांगितले पाहिजे, हा दुसरा. ह्या दोहोंचा विचार आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

प्रथम ह्या मोहाचे स्वरूप पाहू. समजा, एखादी मोटार नवी असताना साठ लक्ष रुपयांस विकली गेली आणि आठ-नऊ वर्षांनी ती बारा लक्षांस मिळत आहे. तेवढ्याच पैशांत मध्यम प्रतीची नवी गाडी येते. तेव्हा गृहस्थ मनाशी म्हणतो, 'साठ लक्षांची वस्तू बारात पडते आहे. मग ही का सोडावी?' ह्या हिशेबात एक चूक आहे. काळाने गाडीची किंमत उतरविली, परंतु तिच्या सुट्या भागांची किंमत उतरविली नाही. तिची हवेवर तोललेली कमान फाटली, गिअरबॉक्समधील विद्युद्‌यंत्रणा बिघडली किंवा इंजिनातील साखळी सैल झाली, तर येणारे बिल बारा लक्षांच्या गाडीचे नसते, साठ लक्षांच्या गाडीचे असते. हत्ती उतरत्या किमतीस मिळाला म्हणून त्याचा चारा उतरत नाही. स्वस्त गाडीतील दोष हा उपद्रव ठरतो. असल्या गाडीतील एकच मोठा दोष मुलांच्या शिक्षणासाठी बाजूस काढलेली रक्कम खाऊन टाकू शकतो. म्हणूनच येथे 'हिच्यावर कितपत विसंबावे?' हा प्रश्न शोभेचा राहत नाही.

आमच्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शास्त्रकारांनी ही चर्चा घट-पटांना धरून केली; परंतु मोटारीच्या परीक्षेसही ती तंतोतंत लागू पडते.

प्रत्यक्षाचे काम डोळे, कान व नाक ह्यांनी करावयाचे. गाडी पाहावयाची ती दिवसाउजेडी, कोरडी असताना, आणि इंजिन पूर्ण थंड असताना. गिऱ्हाईक येण्यापूर्वी विकणाऱ्याने इंजिन तापवून ठेवले असेल, तर सकाळी पहिल्या चाव्याला होणारी खडखड ऐकू येत नाही. म्हणून आधी बॉनेटवर हात ठेवून पाहावा. आसनाखालचा गालिचा उचलून पाहावा. तेथे सुकलेला गाळ, खिळ्यांवर गंज अथवा कुबट वास आढळला, तर गाडी पाण्यात बुडालेली असण्याचा संभव मोठा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईतील असंख्य मोटारी छपरापर्यंत पाण्यात गेल्या. अशा गाडीचे कापड बदलता येते, रंग नवा देता येतो. परंतु आतील तारांच्या जोडांस लागलेला गंज हळूहळू आपले काम करीतच राहतो.

अनुमान ह्याच्या पुढे जाते. काटा चाळीस हजार किलोमीटर दाखवीत आहे. परंतु ब्रेकच्या पायपट्टीवरील रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, चालकाच्या आसनाची कड खचली आहे आणि सुकाणूवरील चामडे चकाकू लागले आहे. अशा वेळी काट्यापेक्षा रबराची साक्ष अधिक विश्वसनीय मानावी. काटा मागे फिरविणारे कारागीर आहेत. पायपट्टीची झीज भरून काढण्याची आठवण सहसा कोणास राहत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चार टायर चार निरनिराळ्या सालांचे व निरनिराळ्या कंपन्यांचे असतील, तर मालकाने गाडीवर मन लावून खर्च केला नाही, असे समजावयास हरकत नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान हे तर आमच्या न्यायशास्त्राचे घरचे उदाहरण! मागील नळीतून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळीत आहे. पांढरा धूर येतच राहिला व त्यास गोडसर वास असेल तर इंजिन थंड ठेवणारे पाणी ज्वलनाच्या जागी शिरत आहे. मात्र थंडीच्या सकाळी निघणारी पांढरी वाफ ही निर्दोष गाडीलाही सुटते. अनुमान करताना व्याप्ती तपासावी लागते, ती अशी.

उपमान हा शब्द आम्ही येथे शास्त्रातील काटेकोर अर्थाने न घेता 'सजातीय वस्तूंवरून होणारा बोध' एवढ्याच अर्थाने घेतो. लोक ज्यास कंपनीचे नाव म्हणतात, ते हेच. नाव निरर्थक नसते. पण ते जातीचे असते, व्यक्तीचे नसते. मर्सिडीझ कंपनीने १९८० व १९९० ह्या दशकांत काढलेल्या काही गाड्या टिकाऊपणासाठी इतक्या गाजल्या की जर्मनीत टॅक्सीवाल्यांनी त्या लाखो किलोमीटर चालविल्या. त्याच कंपनीने पुढे ई-क्लास गाडीत विजेच्या आज्ञेने चालणारी नवी ब्रेकपद्धती बसविली. आणि २००४ साली त्या ब्रेकांसाठी जगभरातील सुमारे ६ लक्ष ८० हजार गाड्या तिला दुरुस्तीस परत बोलवाव्या लागल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा, ब्रेक व इतर विद्युत्‌यंत्रणा मिळून, सुमारे १३ लक्ष गाड्या बोलविल्या गेल्या. नाव तेच, बोधचिन्ह तेच, घराणे तेच; पण पिढी बदलली होती. बापाच्या कीर्तीवर मुलाची परीक्षा करू नये, हा नियम यंत्रांसही लागू आहे. उलटपक्षी, ज्या पिढीचा बोभाटा झाला त्या पिढीतही एखादी नीट जपलेली गाडी वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते. म्हणून साल, इंजिनाचा प्रकार व त्या प्रकाराचे माहीत झालेले दुखणे हे जाणून घ्यावे. परंतु तेवढ्याने समोरच्या गाडीचा निवाडा झाला असे समजू नये.

आता ह्या तिन्ही साधनांनी परीक्षा केली आणि एकही दोष आढळला नाही, असे धरू. 'दोष दिसला नाही. अर्थात दोष नाही' असे म्हणावयास आपण मोकळे झालो काय? येथे भाट्ट मीमांसकांनी व वेदान्त्यांनी केलेला एक सूक्ष्म विचार उपयोगी पडतो. एखाद्या वस्तूचा अभाव आपणांस तिच्या न दिसण्याने कळतो, हे त्यांस मान्य आहे. पण अट अशी की, ती वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती पाहिजे. उजेडात टेबलावर घट दिसला नाही तर घट नाही हे खरे. अंधारात दिसला नाही तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. ह्यास योग्यानुपलब्धी म्हणतात. जुनी मोटार घेणाऱ्यांच्या बहुतेक चुका ह्या एका शब्दाचा विसर पडल्यामुळे होतात, असे आम्हांस वाटते. अर्ध्या तासाच्या फेरीत गिअरबॉक्सने धक्का दिला नाही; पण धक्का देण्याची त्याची खोड तासभर तापल्यावरच प्रकट होणारी असेल, तर ह्या न दिसण्यास काडीची किंमत नाही. गाडीतील संगणकाने कोणताही दोष नोंदविलेला नाही; पण ती नोंद काल सायंकाळी पुसली गेली असेल तर? सुदैवाने ह्या पुसण्याचीही खूण राहते. गाडी स्वतःच्या निरनिराळ्या यंत्रणा तपासून ती तपासणी पूर्ण झाल्याची नोंद ठेवीत असते. स्मृती पुसली की ह्या नोंदी अपूर्ण दिसू लागतात, आणि त्या पुन्हा पूर्ण होण्यास काही दिवसांचे चालविणे लागते. जाणत्या मेकॅनिकने आधी हे पाहावे. 'दोष नाही' ह्यापेक्षा 'दोष असता तर येथे दिसला असता काय?' हा प्रश्न त्यास विचारावा.

आमच्या धर्मशास्त्रकारांस ही अडचण ठाऊक होती. याज्ञवल्क्यस्मृतीत विकत घेतलेल्या वस्तूंच्या परीक्षेसाठी निरनिराळ्या मुदती दिल्या आहेत: लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन दिवस, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नांस सात, बियाण्यास दहा. जो दोष प्रकट होण्यास जितका वेळ लागतो, तितका वेळ गिऱ्हाइकास मिळावा, हे तत्त्व त्यात उघड आहे. मनुस्मृतीत तर खरेदी वा विक्री केल्यावर पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आत व्यवहार फिरविण्याची मुभा आहे. आजच्या मोटारीत लोखंडही आहे, ओझ्याच्या जनावराचे कामही आहे, आणि किंमत तर रत्नाची! तरीही तिच्या परीक्षेस बहुधा अर्धा तासच मिळतो. निदान दोन निरनिराळ्या दिवशी, एकदा थंड इंजिनाने व एकदा घाटाच्या चढावर, गाडी पाहू देण्यास जो विकणारा तयार नसेल, त्याच्या ह्या नकारासच पुरावा मानावे.

चौथे साधन शब्द. शब्द प्रमाण केव्हा? तर तो आप्ताचा असेल तेव्हा. आणि आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्यास वस्तू साक्षात माहीत आहे व जशी माहीत आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ ह्या सर्वांस सारखेच लागू केले आहे. मोटारीच्या बाबतीत पहिली अट विकणाऱ्याइतकी कोणीच पुरी करीत नाही. गाडी कोठे आपटली, कोणता दिवा महिन्यातून दोनदा लागतो, हे त्यास प्रत्यक्ष ठाऊक असते. वानवा असते ती दुसऱ्या अटीची. म्हणून ज्ञानाचा प्रश्न येथे नीतीच्या प्रश्नास येऊन मिळतो: विकणाऱ्याने बोलले पाहिजे काय?

कायद्याचे उत्तर कोरडे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात घोड्याचे उदाहरण दिले आहे. घोडा अधू आहे हे ठाऊक असून मालकाने तो लिलावात विकला व तोंडातून अक्षर काढले नाही, तर ती लबाडी होत नाही. मात्र घेणारी त्याचीच नुकती वयात आलेली मुलगी असेल, तर सांगणे हे त्याचे कर्तव्य होते. आणि घेणारा जर म्हणाला, 'आपण नाही म्हटले नाही, तर घोडा धडधाकट आहे असे मी धरून चालेन', तर त्यानंतरचे मौन हे बोलण्याच्या बरोबरीचे ठरते. शिवाय एकोणिसाव्या कलमात असेही आहे की, साध्या दक्षतेने खरे शोधून काढणे ज्यास शक्य होते, त्यास मौनाच्या सबबीवर करार मोडता येत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यानेही, काही अपवाद सोडून, मालाच्या गुणाची हमी गृहीत धरलेली नाही. ह्यातून गिऱ्हाइकाने एक व्यवहारी धडा घ्यावा: मोघम 'गाडी कशी आहे?' असे विचारू नये. 'अपघात झाला होता काय? पाणी शिरले होते काय? काटा बदलला आहे काय? इंजिन वा गिअरबॉक्स उघडला होता काय?' असे एकेक विचारावे आणि उत्तरे कागदावर घ्यावी. मौनास कायदा क्षमा करतो. स्पष्ट प्रश्नास दिलेल्या खोट्या उत्तरास करीत नाही.

पण कायदा जेथे थांबतो तेथे कर्तव्यही थांबते काय? हा वाद दोन हजार वर्षांपूर्वी रोमन पंडित सिसेरो ह्याने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात मांडला आहे. ऱ्होड्झ बेटात दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्यास ठाऊक आहे. ते त्याने सांगावे की महाग दराने माल विकून मोकळे व्हावे? तसेच, सदोष घर विकणाऱ्याने त्याचे दोष सांगावे की नाही? बाबिलोनचा डायोजिनिस म्हणतो, कायदा सांगेल तेवढे सांगावे. न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्यापासून काहीच राखून ठेवू नये. सिसेरोने कौल दिला तो अँटिपेटरच्या बाजूने.

आम्हांस वाटते की ह्या दोन उदाहरणांत भेद केला पाहिजे. बाजारभाव कोणत्या दिशेस जाणार, हे ज्ञान व्यापारी आपल्या हुशारीने व श्रमाने मिळवितो. ते फुकट वाटून टाकण्यास त्यास बांधणे कदाचित कडक होईल. पण आपण विकीत असलेली गाडी बुडाली होती, हे ज्ञान हुशारीचे फळ नाही. ते केवळ ताब्यामुळे मिळालेले आहे, आणि ताबा तर आपण आता दुसऱ्यास देत आहोत. गाडी द्यावी आणि तिच्याविषयीचे सत्य मात्र घरी ठेवावे, ह्यास अर्धी वस्तू विकणे म्हणावे लागेल. 'गिऱ्हाइकास डोळे आहेत' हा आक्षेप येथे टिकत नाही, कारण जे पाण्याखाली आहे ते डोळ्यांस दिसत नाही, हे विकणाऱ्यास पुरते ठाऊक असते. 'जुन्या गाडीच्या किमतीत धोका धरलेलाच असतो' हाही आक्षेप अर्धवटच खरा. धोका म्हणजे दोघांसही न कळणारे भविष्य. एकास कळलेले व दुसऱ्यापासून राखलेले जे असते, त्यास धोका हे नाव देऊ नये.

ह्या मौनाचा आणखी एक बळी असतो, तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ ह्यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. तिकडील बोलीत सदोष मोटारीस 'लिंबू' म्हणतात. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: कोणती गाडी चांगली व कोणती लिंबू हे गिऱ्हाइकास ओळखता येत नाही, म्हणून तो दोहोंच्या मधला भाव देऊ करतो, त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकास विकणे परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो, मग उरलेल्या मालाची प्रत आणखी उतरते, भावही उतरतो, आणि अखेर बाजारात लिंबेच शिल्लक राहतात. २००१ साली अकरलॉफ ह्यांस इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. आम्ही ह्या विचाराकडे नीतीच्या दृष्टीने पाहतो. जो विकणारा दोष दडवितो, तो गिऱ्हाइकास तर फसवितोच; शिवाय ज्याने दर सहा महिन्यांस गाडी तपासून घेतली, प्रत्येक पावती जपून ठेवली, अशा अनोळखी सज्जनाच्या खिशातूनही तो पैसे काढतो. त्या सज्जनाची गाडी कमी भावात जाते ती दुसऱ्याच्या लबाडीची भरपाई म्हणून. उलट उदाहरणही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९८९ साली लेक्सस ही नवी उंची गाडी अमेरिकेत विक्रीस आली आणि थोड्याच महिन्यांत तिच्या दिव्यात व वेग स्थिर राखणाऱ्या यंत्रणेत दोष निघाले. कंपनीने सुमारे आठ हजार गाड्या मालकांच्या दारातून नेऊन, दुरुस्त करून परत पोचविल्या. दोष कबूल केल्याने नाव बुडाले नाही. विश्वासूपणाची तिची ख्याती तेथूनच वाढली.

एवढा वेळ आम्ही विकणाऱ्यास उपदेश केला. घेणाऱ्याचीही काही कर्तव्ये आहेत. इंग्रज तत्त्वज्ञ क्लिफर्ड ह्याने १८७७ च्या एका निबंधात जहाजाच्या मालकाचे उदाहरण घेतले आहे. जहाज जुने आहे अशी शंका त्यास येते. पण ती तो मनातल्या मनात दाबून टाकतो आणि 'इतक्या सफरी पार पडल्या, हीही पडेल' असा प्रामाणिक विश्वास स्वतःत उत्पन्न करतो. जहाज बुडते. क्लिफर्डचा निर्णय असा की, त्याचा विश्वास मनापासूनचा होता, तरी असा विश्वास बाळगण्याचा त्यास अधिकार नव्हता. जुनी मोटार घेणाऱ्या कित्येकांची मनःस्थिती नेमकी हीच असते. बॉनेटवरील बोधचिन्ह, शेजाऱ्यांच्या नजरा, लग्नकार्यास त्या गाडीतून उतरण्याचे चित्र, ही सर्व आधीच मनात भरलेली असतात. मेकॅनिकला दोन-चार हजार रुपये देऊन गाडी दाखविण्याचा कंटाळा केला जातो, तो पैशांसाठी नसतो. तो 'नको' म्हणेल ही भीती असते. आणि ज्या गाडीत बायको-मुले बसावयाची, तिच्या ब्रेकांविषयी स्वतःची समजूत घालून घेणे हा खाजगी दुबळेपणा म्हणून सोडून देता येत नाही.

दुसरे कर्तव्य संशयाच्या मर्यादेचे. भाव पाडण्यासाठी नसलेले दोष काढणे, चांगल्या इंजिनास नाके मुरडणे, हीही असत्य भाषणेच होत. घेणाऱ्याच्या तोंडून निघाली म्हणून ती शुद्ध होत नाहीत. महाभारतातील तुलाधार वाण्याची तागडी सर्वांस सारखी होती, म्हणून जाजलीसारख्या तपस्व्यास धर्म शिकण्यासाठी त्याच्या दुकानी जावे लागले. तागडीच्या दोन्ही पारड्यांकडे सारख्याच नजरेने पाहावयाचे, तर गिऱ्हाइकाचे पारडेही त्यातून सुटत नाही.

एवढे सर्व केल्यावरही काही अज्ञान उरतेच. परीक्षेने ते कमी होते, नाहीसे होत नाही. म्हणून शेवटचा हिशेब गाडीचा नव्हे, घराचा करावा. किमतीखेरीज तिच्या एका मोठ्या दुरुस्तीइतकी रक्कम बाजूस ठेवून, ती गेली तरी घरातील कोणाचे शिक्षण वा औषधपाणी अडणार नाही, अशी ज्याची स्थिती असेल, त्याने ती गाडी खुशाल घ्यावी. ज्याची तशी नसेल, त्याच्यापुरती तीच गाडी अविश्वसनीय होय, मग मेकॅनिक काहीही म्हणो. विश्वासार्हता हा यंत्राचा एकट्याचा गुण नाही. ते चुकले असता सोसण्याची मालकाची शक्तीही तीत मोजावी लागते.

आणि घेणारा हा उद्याचा विकणारा असतो, हे विसरू नये. पाच वर्षांनी तोच गृहस्थ गाडी पुसून दारात उभी करील, आणि कोणी तरुण जोडपे ती पाहावयास येईल. तोपर्यंत त्यास तिची प्रत्येक खोड माहीत झालेली असेल. त्या दिवशी दुरुस्तीच्या पावत्यांची फाईल, चांगल्या-वाईट सर्व कागदांसह, त्याने आपण होऊन त्यांच्या हाती द्यावी. कायद्याने घोड्याच्या उदाहरणात फक्त पोटच्या मुलीस दिलेला हक्क त्या परक्या मुलीसही देण्यास त्यास कोणी अडविलेले नाही.